अंधारातच घडतो बियांचा ‘डोळा’

नवरात्रात घट बसवताना पत्रावळीवर काळी माती पसरून तीत गहू, ज्वारी आणि घरात असेल ते धान्य पेरले जाते. देवघराच्या कोपऱ्यात उजेड तुटपुंजाच असतो. पाच-सहा माळा होईपर्यंत कोंब वर येतात. पण ते शेतातल्या कोंबांसारखे हिरवेगार न दिसता पिवळसर, बारीक आणि उंच दिसतात. हेच धान दसऱ्याला टोपीत किंवा कानावर खोचण्याची रीत अनेक गावांत आजही पाळली जाते. उजेड नसल्याने हरितद्रव्य तयार झाले नाही म्हणून कोंब पिवळे, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. शालेय पुस्तकांत सहसा न येणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या अंधारात हरितद्रव्य तयार होत नाही, त्याच अंधारात कोंबांमध्ये दुसरे एक रंगद्रव्य साठत जाते. त्याचे प्रमाण इतके अल्प असते, की डोळ्यांना त्याचा रंग दिसत नाही. मात्र आजूबाजूला उजेड आहे की नाही आणि असल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे, हे वनस्पतीला कळते ते याच रंगद्रव्यामुळे. त्याचे नाव फायटोक्रोम.

गहू-ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याला उगवण्यासाठी उजेड लागत नाही. पोटात पिठाची शिदोरी भरपूर असल्याने मातीत दोन-तीन बोटे खोल पडलेला दाणाही कोंब वर आणू शकतो. तंबाखूच्या बीचे तसे नाही. एका ग्रॅममध्ये 10 हजारांहून अधिक बिया मावतात, इतकी ती बारीक असते. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूचे रोप तयार करताना हे बी राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर वरच्या वर विस्कटले जाते. ते खोल गाडले गेले तर उगवून यायचे नाही. अशा चिमुकल्या बीजातील अन्नसाठा एखाद-दुसऱ्या दिवसाच्या वाढीला जेमतेम पुरतो. तेवढ्यात कोंब उजेडात पोचला नाही, तर तो मातीतच संपतो. उगवण्याची संधी बीजाला एकदाच मिळते आणि मोड आल्यावर माघार घेता येत नाही. म्हणून मोड येण्यापूर्वीच त्याला बाहेरची खबर काढावी लागते.

ही खबर काढणारी यंत्रणा उघडकीस आली ती अमेरिकेत, सॅलडच्या पाल्याच्या म्हणजे लेट्यूसच्या बियांवरील प्रयोगांतून. अमेरिकी कृषी खात्याचे लुईस फ्लिंट आणि स्मिथसोनियन संस्थेचे एडवर्ड मॅकअ‍ॅलिस्टर यांनी 1930 च्या दशकात दाखवून दिले, की तांबडा प्रकाश या बियांना उगवायला लावतो, तर तांबड्याच्या पलीकडचा, मानवी डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूर-तांबडा प्रकाश त्यांची उगवण रोखून धरतो. ही नोंद पुढे दीड दशक जवळजवळ दुर्लक्षित राहिली.

तिचे महत्त्व ओळखले मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे असलेल्या कृषी खात्याच्याच संशोधन केंद्राने. हॅरी बोर्थविक हे वनस्पतिशास्त्रज्ञ, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स हे मूळचे मातीतील खनिजांचे अभ्यासक, तर एबेन आणि व्हिव्हियन टूल हे दाम्पत्य बियाण्यांचे जाणकार. मॅरियन पार्कर यांच्यासह या चमूने 1952 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो. ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीचे लेट्यूसचे बी पाण्यात भिजवून अंधारात ठेवायचे, त्यावर एक मिनिट तांबडा आणि चार मिनिटे दूर-तांबडा प्रकाश आळीपाळीने टाकायचा आणि पुन्हा अंधारात ठेवून किती बिया उगवतात ते मोजायचे, इतकी त्याची साधी रीत होती. केवळ तांबडा प्रकाश दिला तेव्हा 70 टक्के बिया उगवल्या. पाठोपाठ दूर-तांबडा दिला तेव्हा 6 टक्केच. पुन्हा तांबडा दिल्यावर 74, पुन्हा दूर-तांबडा दिल्यावर 6, असा क्रम पुढे चालू राहिला. प्रकाश किती वेळा पालटला याला महत्त्व नव्हते. बीजाने शेवटचा प्रकाश कोणता पाहिला, यावर सारे ठरत होते.

यावरून या चमूने काढलेला निष्कर्ष धाडसी होता. दोन रूपांत वावरणारे एकच रंगद्रव्य असले पाहिजे. त्यातील एक रूप सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषून दुसऱ्यात बदलते आणि ते दुसरे सुमारे 730 नॅनोमीटरचा दूर-तांबडा प्रकाश शोषून पुन्हा पहिले होते. रंगद्रव्य मात्र कोणी पाहिलेले नव्हते. ‘हे कल्पनेतलेच रंगद्रव्य’ अशी चेष्टाही झाली. अखेर 1959 मध्ये वॉरेन बटलर, कार्ल नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास बनविलेल्या उपकरणाने ते प्रत्यक्ष टिपले. त्यासाठी त्यांनी निवडली होती अंधारात वाढविलेली मक्याची पिवळी रोपे. हिरव्या पानात हरितद्रव्याच्या गर्दीत हे अत्यल्प द्रव्य हरवून जाते. शिवाय, अंधारातल्या रोपांत ते कितीतरी अधिक प्रमाणात असते. घटातल्या पिवळ्या धानाशी या शोधाचे नाते आहे ते असे.

रक्तातल्या हीमचा वनस्पतींमधील भाऊबंद

फायटोक्रोम एका घडणीत तयार होत नाही. त्याचे दोन भाग आहेत: एक मोठे प्रथिन आणि त्यात बसविलेला प्रकाश शोषणारा छोटा रेणू. दोन्ही पेशीतच पण वेगवेगळ्या ठिकाणी बनतात.

प्रथिनाची कृती केंद्रकातील जनुकांत लिहिलेली असते. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपात अशी पाच जनुके सापडली आहेत. त्यांच्यापासून बनणाऱ्या फायटोक्रोमांना ‘ए’पासून ‘ई’पर्यंत नावे दिली आहेत. भातात ही जनुके तीनच आहेत. बीजाच्या उगवणीत मुख्य काम असते ते ‘ए’ आणि ‘बी’ यांचे.

प्रकाश शोषणाऱ्या रेणूची हकीकत अधिक रंजक आहे. त्याचे नाव फायटोक्रोमोबिलिन. पेशीतील लवकांमध्ये, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे हरितलवके होतात त्या सूक्ष्म कोशिकांमध्ये, आधी हीम तयार होते. हीम म्हणजे आपल्या रक्ताला लाल रंग देणारा, लोह धारण करणारा कड्यासारखा रेणू. एक विकर हे कडे तोडते, लोह बाजूला पडते आणि उरते ते हिरवे बिलिव्हर्डिन. आपल्या शरीरातही नेमके हेच घडते. मुका मार लागल्यावर काळानिळा पडलेला डाग काही दिवसांनी हिरवट दिसू लागतो, तो या बिलिव्हर्डिनमुळे. त्यापासून पुढे होणारे पिवळे बिलिरुबिन पित्तात उतरते आणि रक्तात साठले तर काविळीत डोळे पिवळे करते. प्राणी ज्याला टाकाऊ समजून बाहेर टाकतात, तोच रेणू वनस्पती थोडा बदलून उजेड पाहण्यासाठी वापरतात. सजीवांच्या कारखान्यात भंगार असे काही नसतेच, असे वाटायला लावणारी ही रीत आहे.

तयार झालेला रेणू लवकाबाहेर येतो आणि पेशीद्रवात वाट पाहणाऱ्या प्रथिनाला गाठतो. त्याला जोडण्यासाठी तिसऱ्या कोणाची मदत लागत नाही. प्रथिन स्वतःच त्याला आपल्या खाचेत ओढून घेते आणि गंधकाच्या अणूमार्फत कायमचे बांधून टाकते. या क्षणी जे फायटोक्रोम तयार होते ते नेहमी निद्रिस्त रूपात असते. त्याचा रंग निळा. त्यावर तांबडा प्रकाश पडला, की रेणूच्या टोकाचे एक कडे गिरकी घेते, त्याबरोबर प्रथिनाची ठेवण बदलते आणि रंगद्रव्य हिरवट निळे, जागृत रूप धारण करते.

या जुळणीतला एक जरी टप्पा चुकला तर काय होते, हे नेदरलँड्समधील मार्टेन कोर्नीफ यांनी 1980 मध्ये वर्णन केलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या विकृत वाणांवरून दिसले. त्यांतील काही रोपे लख्ख उजेडातही अंधारात असल्यासारखी लांबच लांब वाढत. त्यांच्यात प्रथिन व्यवस्थित बनत होते. पण हीमचे कडे तोडणारे विकर किंवा त्यापुढच्या टप्प्याचे विकर बिघडलेले होते. चौकट तयार, पण भिंगच नाही, अशी ही अवस्था. बिघडलेली नेमकी जनुके 1999 ते 2001 या काळात हाती लागली.

आईने दिलेले आणि स्वतः घडवलेले

बीजात हे रंगद्रव्य येते कधी? उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिला वाटा आईकडून आलेला असतो. बीज झाडावर पक्व होत असतानाच त्यात ‘बी’ प्रकारचे फायटोक्रोम तयार होते आणि बीज वाळले तरी टिकून राहते. मात्र सुक्या बीजात ते जवळपास निकामी असते. रूप बदलण्यासाठी रेणूला हालचाल करावी लागते आणि त्यासाठी पाणी हवे. पाणी शोषले जाताच काही वेळातच हा जुना साठा कामाला लागतो. बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगात तांबडा-दूर-तांबडा असा जो खेळ रंगला, तो मुख्यतः या टिकाऊ प्रकाराचा, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

आईचा हात यात आणखीही एका प्रकारे असतो. सूर्यप्रकाश हिरव्या शेंगेतून किंवा सालीतून बीजापर्यंत पोचतो तेव्हा तांबडा भाग हरितद्रव्याने गाळून घेतलेला असतो. आत जातो तो बहुतांशी दूर-तांबडा. अशा हिरव्या पडद्याआड वाळलेल्या बीजातील रंगद्रव्य निद्रिस्त रूपात अडकून राहते आणि पुढे ते बीज उजेडाशिवाय उगवत नाही. वाळण्यापूर्वीच आवरणाचा हिरवेपणा गेला, तर रंगद्रव्याचा काही भाग जागृत रूपात राहतो आणि बीज अंधारातही उगवू शकते. ब्रिटनमधील क्रेसवेल आणि ग्राइम यांनी 1981 मध्ये अनेक वनस्पतींची तुलना करून हा संबंध दाखवून दिला. एकाच जातीचे बी एका वर्षी सहज उगवते आणि दुसऱ्या वर्षी अडून बसते, त्यामागील कारणांपैकी हे एक असू शकते.

दुसरा वाटा बीजाने स्वतः घडवायचा असतो. भिजलेल्या बीजात ‘ए’ प्रकारचे फायटोक्रोम तासागणिक नव्याने तयार होऊ लागते. जपानमधील मासाकी फुरुया यांच्या गटाने 1987 मध्ये वाटाण्याच्या भिजत्या दाण्यांत हे दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजले. टिकाऊ प्रकार सुक्या दाण्यातच होता. दुसरा मात्र भिजल्यानंतर काही तासांनी प्रकटला आणि वाढत गेला. हा प्रकार अंधारात साठतो आणि उजेडात झपाट्याने नष्ट होतो. निद्रिस्त रूपात तो काही दिवस टिकतो. जागृत होताच पेशी त्याची विल्हेवाट लावू लागते आणि साधारण तासाभरात निम्मा साठा संपतो. शिवाय उजेड मिळताच त्याच्या जनुकाचे कामही मंदावते. म्हणून फडक्यात बांधून काळोखात मोड आणलेल्या मुगात जो साठा असतो, त्याचा अल्प अंशच उन्हात वाढलेल्या रोपात आढळतो.

अंधारात साठवायचे आणि उजेड दिसताच मोडून टाकायचे, हा व्यवहार वरवर उधळपट्टीचा वाटतो. त्याचा अर्थ संवेदनशीलतेत आहे. फुरुया यांच्याच गटातील तोमोको शिनोमुरा यांनी 1996 मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसच्या बियांवर दाखवले, की ‘बी’ फायटोक्रोमला जागे व्हायला रीतसर तांबडा प्रकाश लागतो आणि दूर-तांबड्याने त्याचा निर्णय फिरवता येतो; ‘ए’ला मात्र नाममात्र प्रकाशही पुरतो, तो जवळपास कोणत्याही रंगाचा चालतो आणि एकदा घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही. काजव्याच्या एका लुकलुकीतून जेवढा प्रकाश बाहेर पडतो, त्याचा दहावा हिस्सादेखील अशा प्रतिसादाला सुरुवात करून देऊ शकतो, अशी तुलना वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेली असते. काळोखात जितका काळ जावा, तितकी बीजाची नजर तीक्ष्ण होत जाते.

खबर मिळाल्यानंतर

जागृत फायटोक्रोम पेशीच्या केंद्रकात शिरते. तेथे ‘पिफ-1’ नावाचे प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. अंधारात हे प्रथिन उगवण रोखून धरते. सुप्तावस्था टिकवणाऱ्या अ‍ॅबसिसिक आम्लाची पातळी ते वाढती ठेवते आणि वाढीच्या जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती दाबते. फायटोक्रोमची गाठ पडली, की या पहारेकऱ्याचे तुकडे करण्याची व्यवस्था होते. मग पारडे फिरते. जिबरेलिन वाढते, बीजाचे आवरण सैल होते आणि मूळ बाहेर डोकावते. द्राक्षाचे घड लांबविण्यासाठी बागायतदार फवारतात ते ‘जीए’ याच कुळातले. प्रयोगशाळेत उजेडाविना अडलेल्या लेट्यूसच्या बियांना ते बाहेरून दिले, तर त्या अंधारातही उगवतात.

उष्णतेचाही यात हात आहे. जागृत रूप अंधारात आपोआप निद्रिस्त होत जाते आणि ऊब वाढली की हा वेग वाढतो. ‘बी’ फायटोक्रोम या गुणामुळे रोपाला तापमानाचीही वर्दी देते, असे 2016 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले.

सर्वच बीजांना उजेड हवा असतो असे नाही. फॅसेलियाच्या किंवा वाळवंटी इंद्रावणाच्या बीला उजेड उलट नकोसा होतो. कोरड्या प्रदेशात पृष्ठभागावर उगवणे म्हणजे दुपारपर्यंत करपणे, हे लक्षात घेतले तर त्यातील शहाणपण कळते.

नांगराच्या फाळाखालचा क्षण

या साऱ्याचा शेतकऱ्याच्या खिशाशी असलेला संबंध तणांतून येतो. कोळपणी करून शेत स्वच्छ केले आणि आठवड्यात पुन्हा हिरवे झाले, हा अनुभव कोणाही शेतकऱ्याला नवा नाही. वर आलेली ओल, मोकळी हवा ही त्याची कारणे आहेतच. पण मोठा वाटा उजेडाचा असतो. मातीत प्रकाश काही मिलिमीटरच शिरतो. त्याखाली तणांचे असंख्य बी ओल्या काळोखात वर्षानुवर्षे पडून असते. अर्जेंटिनातील स्कोपेल, बालारे आणि सांचेझ यांनी 1991 मध्ये आपल्या धोतऱ्याच्या जातभाईचे बी जमिनीत पुरून त्याचा अभ्यास केला. काही काळ पुरलेल्या बीची प्रकाशसंवेदना सुमारे 10 हजार पटींनी वाढल्याचे त्यांना आढळले. माती उलटताना असे बी उन्हात क्षणाचा अंशभर चमकले आणि पुन्हा गाडले गेले, तरी तेवढे त्याला पुरते.

मग रात्रीच नांगरले तर? जर्मनीतील कार्ल हार्टमान यांनी नेझादाल यांच्यासह तसेच करून पाहिले. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दिवसा मशागत केलेल्या शेतात सुमारे 80 टक्के जमीन तणांनी व्यापली. रात्री मशागत केलेल्या भागात हे प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास होते. तणनाशकाचा थेंबही न वापरता मिळालेल्या या आकड्यांनी खळबळ उडवून दिली. पुढे अनेक देशांत त्याची पडताळणी झाली तेव्हा निकाल संमिश्र आले. कुठे तण बऱ्यापैकी घटले, कुठे फरकच पडला नाही. ज्या तणांचे बी टपोरे असते किंवा ज्याला उजेडाची गरजच नसते, त्यांच्यापुढे रात्रीचा नांगर हतबल ठरतो. वरच्या थरात राहून गेलेल्या बीला दुसऱ्या दिवशीचे ऊन मिळतेच. त्यामुळे ही युक्ती सरसकट उपाय म्हणून रुजली नाही. कोणत्या शेतात कोणते तण आहे हे ओळखून तिचा वापर करणे एवढेच शहाणपणाचे म्हणता येईल, आणि रानात रात्री साप-विंचवाची भीती असलेल्या आपल्याकडे तर त्याचाही विचार करावा लागेल.

जंगलात हाच खेळ छायेच्या रूपाने चालतो. उघड्यावरच्या उन्हात तांबडा आणि दूर-तांबडा प्रकाश जवळपास सारखाच, तांबडा किंचित अधिक असतो. दाट पानांखाली तांबडा भाग वरच्या पानांनी खाल्लेला असतो आणि दूर-तांबड्याचे प्रमाण कित्येक पटींनी वरचढ होते. जमिनीवर पडलेल्या बीजाला त्यावरून डोक्यावर छत असल्याचे कळते आणि ते थांबून राहते. एखादे झाड उन्मळून पडले आणि तेथे ऊन पोचले, की त्या मोकळ्या जागेत पहिल्याच पावसात रोपांची दाटी होते.

बीज किती काळ असे थांबू शकते, याची सर्वांत जुनी परीक्षा अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अजून चालू आहे. विल्यम जेम्स बील या प्राध्यापकांनी 1879 मध्ये 20 बाटल्यांत वाळू आणि विविध तणांचे बी भरून त्या तोंडे खाली करून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि बी पेरून पाहायचे, असा हा वारसा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आहे. एप्रिल 2021 मध्ये सोळावी बाटली काढण्यासाठी संशोधक पहाटेपूर्वीच्या काळोखात, थंडीत फावडी घेऊन जमले. दिवसाचा उजेड आत गेला असता तर बिया पेरण्याआधीच जाग्या होण्याचा धोका होता. प्रयोगशाळेत नेऊन पेरलेल्या त्या 142 वर्षांच्या बियांपैकी व्हर्बॅस्कम या रानवनस्पतीच्या 20 बिया उगवल्या. अजून चार बाटल्या जमिनीत आहेत. पुढची 2040 मध्ये काढायची आहे.